धाकट्या येलची किल्ली

गेल्या पावसाळ्यात माझ्या गायनवर्गाच्या दाराचे लॅच एका संध्याकाळी अडून बसले. किल्ली आत जाई, पण फिरेना. आत तंबोरे, पेटी, तबले आणि बाहेर ओसरीवर आठदहा मुलेमुली, अशी आमची गत झाली. शेवटी मांडवीकडून एका चावीवाल्याला बोलावून आणले. त्याने पिशवीतून दोन बारीक पट्ट्या काढल्या. एक वाकडी पट्टी किल्लीच्या फटीत घालून तिच्यावर डाव्या हाताने अगदी हलका दाब ठेवला आणि दुसरी, टोकाशी किंचित वळलेली, उजव्या हाताने आत सरकवून तो काहीतरी चाचपू लागला. मान एका बाजूस कललेली, डोळे मिटलेले, कान दाराशी. ती मुद्रा माझ्या फार ओळखीची होती. तंबोऱ्याची खुंटी पिळताना मनुष्य असाच बसतो. पाचसात मिनिटांत दार उघडले.

मी सहज कुतूहल दाखवले तेव्हा त्याने ते कुलूप दारातून सोडवले, त्यातला पितळेचा गोल गाभा बाहेर ओढला आणि माझ्या रुमालावर दहा चिमुकल्या पितळी खुंट्या व केसासारख्या पाच स्प्रिंगा ओतल्या. तेलावर धूळ बसून दोन खुंट्या चिकटल्या होत्या, एवढाच तो बिघाड. त्याने त्या पुसल्या, एकेक जागच्या जागी बसवली, आणि गृहस्थ पैसे घेऊन चालता झाला. पण त्या दहा खुंट्या माझ्या डोक्यात राहिल्या त्या राहिल्याच. अशा कुलपाला जुनी माणसे येल लॉक म्हणत असत. हा येल कोण, हे शोधण्यात माझे पुढचे काही महिने गेले. त्याची हकीकत आपल्या वाचकांपैकी निदान काहींना तरी माहीत नसेल असे समजून ती येथे सांगतो.

येल नावाचे गृहस्थ दोन. बाप आणि मुलगा, आणि दोघांचेही नाव लायनस. आपल्याकडे थोरले माधवराव आणि सवाई माधवराव असे म्हणून घोटाळा टाळतात, तसे आपणही यांना थोरला येल आणि धाकटा येल म्हणू. ज्या येलच्या नावाने अमेरिकेतील प्रसिद्ध विद्यापीठ चालते, तो एलिहू येल सतराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. त्याच्याच घराण्याच्या दुसऱ्या एका शाखेतले हे कुलूपवाले येल. हिंदुस्थानशी त्यांचा संबंध एवढाच.

थोरल्या येलचा जन्म १७९७ सालचा. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या खेड्यात त्याने १८४० नंतर कुलपांचा कारखाना काढला. गिऱ्हाइके मुख्यतः बँका. त्या काळी अमेरिकेत गावोगावच्या बँका आपापल्या नोटा काढीत, त्यामुळे गावोगाव तिजोऱ्या आणि गावोगाव त्या फोडणारेही होते. थोरल्याने १८४८ साली एक कुलूप रचले, त्याचे बीज मात्र फार जुने होते. प्राचीन मिसर देशात आणि पश्चिम आशियात लाकडी दारांना खुंट्यांची कुलपे असत. आजच्या इराकातील खोर्साबाद येथे एका अ‍ॅसिरियन राजवाड्याच्या अवशेषांतही असे कुलूप सापडले आहे. दाराच्या आगळीत भोके पाडायची. वरून लाकडी खुंट्या आपल्या वजनाने त्या भोकांत पडल्या की आगळ सरकत नाही. हातभर लाकडी किल्ली घ्यायची, तिच्या टोकाला तितक्याच खुंट्या उभ्या. ती खालून घालून वर उचलली की पडलेल्या खुंट्या भोकांबाहेर येतात आणि आगळ ओढता येते. कल्पना सुंदर, पण तीत एक मोठे वैगुण्य आहे. खुंट्या पुरेशा उचलल्या म्हणजे झाले. जास्त उचलल्या तरी दार उघडतेच. म्हणून सगळ्यांना एकदम वर ढकलणारी कोणतीही फळी चालून जाते.

यावरचा उपाय प्रथम इंग्लंडात निघाला. रॉबर्ट बॅरनने १७७८ साली तरफांच्या कुलपात अशी योजना केली की तरफ कमी उचलली तर कुलूप अडावे आणि जास्त उचलली तरीही अडावे. मी गाण्याचा शिक्षक आहे, तेव्हा मला हे लगेच समजले. स्वर उतरला तर तो बेसूर, आणि चढला म्हणून काही तो अधिक सुरेल होत नाही. जागा एकच. येलांच्या कुलपात हीच गोष्ट खुंट्यांनी साधली आहे, आणि त्यासाठी प्रत्येक खुंटी मध्ये कापून तिच्या दोन खुंट्या केल्या आहेत.

ही रचना थोडी सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत तीतच आहे. एक जाड पितळी नळी घ्या. तिच्यात अगदी घट्ट बसेल पण फिरेल असा एक गोल गाभा घाला. गाभ्याला लांबीच्या दिशेने एक उभी फट पाडलेली असते, ती किल्लीसाठी. आता वरून नळी आणि गाभा या दोहोंतून आरपार जातील अशी एका ओळीत पाच भोके पाडा. प्रत्येक भोकात खाली एक खुंटी, तिच्यावर दुसरी खुंटी आणि त्यावर स्प्रिंग. खालच्या पाच खुंट्यांची लांबी वेगवेगळी असते. किल्ली नसेल तेव्हा स्प्रिंग वरच्या खुंटीला खाली दाबते. ती अर्धी नळीत आणि अर्धी गाभ्यात अशी अडकून राहते, म्हणून गाभा फिरत नाही. किल्ली घातली की तिच्या खाचांवर खालच्या खुंट्या चढतात आणि वरच्यांना वर ढकलतात. योग्य किल्ली असेल तर पाचही जोड्यांचे सांधे नेमके त्या रेषेवर येतात जिथे गाभा संपतो आणि नळी सुरू होते. वरच्या साऱ्या नळीत, खालच्या साऱ्या गाभ्यात, मध्ये अडवणारे कोणी नाही. गाभा फिरतो आणि त्याच्या शेपटाला जोडलेला दांडा कुलपाची जीभ मागे ओढतो. पाचांपैकी एकच जोडी केसभर खाली किंवा केसभर वर राहिली तरी सारे ठप्प.

प्रत्येक खुंटीला दहा उंच्या धरल्या तर पाच खुंट्यांचे एक लाख प्रकार होतात. प्रत्यक्षात सगळे वापरता येत नाहीत, कारण शेजारशेजारच्या खाचांत फार फरक असला तर किल्ली नीट सरकत नाही. आपले शास्त्रकार सात स्वरांचे प्रस्तार पाच हजार चाळीस सांगतात, पण गवई त्यांतले थोडेच गातो, तसेच हे.

आता धाकट्याकडे वळू. याचा जन्म ४ एप्रिल १८२१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सॅलिसबरी येथे झाला. मुलगा चित्रकार निघाला. लोकांची व्यक्तिचित्रे रंगवून तो पोट भरीत असे. बापाचा कारखाना चालू असताना मुलगा कुंचला घेऊन हिंडतो आहे, हे थोरल्याला कितपत रुचले असेल कोण जाणे. पण १८५० च्या सुमारास धाकटा कुलपांकडे वळला आणि पुन्हा मागे फिरला नाही. माझ्या मते चित्रकलेतली ती वर्षे वाया गेली नव्हती. ज्याला न दिसणारी आतली रचना मनासमोर उभी करता येते आणि ती कागदावर उतरवता येते, त्याला या धंद्यात मोठे भांडवल आयतेच मिळालेले असते.

त्याच सुमारास लंडनमध्ये एक प्रकार घडला, तो सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७८४ साली एक कुलूप रचले होते आणि १७९० पासून आपल्या दुकानाच्या खिडकीत ते मांडून, उघडणाऱ्यास दोनशे गिनी देण्याचे जाहीर केले होते. साठ वर्षे ते बक्षीस कोणी नेले नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन लंडनला आला. त्याने आधी चब कंपनीचे नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले आणि मग ब्रामाच्या कुलपाशी बसला. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्याने तेही उघडले. इंग्लंडात केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रांत वाद झडले. जणू एखाद्या अजिंक्य किल्ल्यावरचे निशाणच उतरले.

हॉब्ज ज्या अमेरिकन कंपनीचा माणूस होता, ती डे आणि न्यूएल नावाची कंपनी स्वतःचे एक बँक-कुलूप विकीत असे, आणि हॉब्जने इतरांची कुलपे उघडल्यावर ते अभेद्य मानले जाऊ लागले. पुढे थोड्याच वर्षांत धाकट्या येलने ते उघडून दाखवले. एवढ्यावर तो थांबला नाही. १८५६ साली फिलाडेल्फियात त्याने कुलपे आणि ती उघडण्याच्या युक्त्या यांवर एक पुस्तिकाच छापली. कोणते कुलूप कशामुळे उघडते, हे त्याने सरळ जगापुढे मांडले.

युक्तीचे मूळ असे की मनुष्याच्या हातून पाडलेली पाच भोके कधीही अगदी एका रेषेत येत नाहीत. गाभ्यावर फिरवण्याचा हलका दाब दिला की सगळ्या खुंट्या एकदम अडत नाहीत. ज्याचे भोक सर्वांत वाकडे, ती पहिली अडते. तिला हळूच उचलत सांध्यापर्यंत नेले की गाभा केसभर फिरतो आणि वरची खुंटी त्या केसभर कडेवर टेकून राहते. मग दुसरी अडते. अशी एकेक करून सगळी मंडळी बाजूला होतात. आमचा चावीवाला डोळे मिटून हेच करीत होता. यावरून हेही ध्यानात येते की कुलपाची खरी मजबुती त्याच्या गुप्ततेत नसून भोके किती काटेकोर पाडली आहेत यात असते. येलने हे ओळखले आणि त्याचे पुढचे सारे काम या जाणिवेवर उभे राहिले.

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे नाना दरबारचे वादक. त्यांच्या चिजांची वही एका लाकडी पेटीत असे आणि पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला. आम्हा मुलांना त्या पेटीचा धाकच असे. शिकवताना ते हात आखडता घेत असे मी म्हणणार नाही, पण काही रागांशी आले की ते विषय बदलत, हे खरे. ते गेल्यावर आम्ही पेटी उघडली. वहीत सुंदर अक्षरात प्रत्येक चिजेचा केवळ मुखडा लिहिलेला होता. पुढचे सारे त्यांच्या स्मरणात. वहीला कुलूप कशाला होते, हे मला आजही उमगलेले नाही, कारण ती चोराने नेली असती तरी त्याला तिचा काही उपयोग नव्हता, आणि आम्हालाही झाला नाही. नानांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांच्या गुरूंनी त्यांना असेच वागवले असणार. पण येलची ती पुस्तिका छापल्याची हकीकत वाचली तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

थोरला येल १८५८ साली वारला. धाकट्याने तोवर बँकांसाठी एकाहून एक अजब कुलपे केली होती. एका कुलपात किल्ली आत घालून फिरवली की तिचा दात्यांचा भाग दांड्यापासून सुटा होई आणि आतली चाके तो उचलून कुलपाच्या दूरच्या कोपऱ्यात नेत. मागे किल्लीचे भोक पोलादी पडद्याने बंद होई. बाहेरून कोणी तार घातली तरी ती कामाच्या जागेपर्यंत पोचूच नये, अशी ही तजवीज. शिवाय किल्लीचे दाते सुटे असल्यामुळे त्यांचा क्रम बदलला की नवी किल्ली तयार. युक्ती खासच होती. परंतु दरोडेखोर किल्लीच्या भोकातून बंदुकीची दारू भरून तिजोरीचे दार उडवून देऊ लागले, आणि त्यांच्यापुढे कितीही नाजूक रचना काय करणार? तेव्हा येल अशा निर्णयाला आला की तिजोरीला किल्लीचे भोकच नको. १८६२ च्या सुमारास त्याने आकड्यांच्या तबकडीची कुलपे बाजारात आणली. इतकी वर्षे खपून केलेल्या आपल्याच किल्ल्या त्याने आपल्या हाताने बाद ठरवल्या. हे सोपे नसते.

बँकेला किल्ली नको झाली, पण घराला ती हवीच होती. आणि येथे त्याला बापाचे ते १८४८ चे खुंट्यांचे कुलूप आठवले. थोरल्याची किल्ली गोल होती. धाकट्याने १८६१ आणि १८६५ साली पेटंटे घेतली, त्यांतून आज आपण ओळखतो ते कुलूप सिद्ध झाले. त्याने किल्ली चपटी केली, पातळ पत्र्यासारखी, एका कडेला करवतीसारख्या खाचा असलेली.

पण माझ्या मते त्याची खरी बुद्धी दुसऱ्याच एका ठिकाणी दिसते, आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या किल्ल्या आठवा. वीतभर लांब आणि हातात जड. आजीच्या कमरेला असा जुडगा असला की ती माजघरातून निघाल्याचे ओसरीवर कळे. किल्ली एवढी लांब का असावी? कारण कुलूप दाराच्या आतल्या अंगाला आणि किल्ली घालायची बाहेरून. दार जितके जाड तितकी किल्ली लांब, याला इलाज नव्हता. येलने कुलपाचे दोन भाग केले. जीभ आणि तिची पेटी दाराच्या आत राहू दिली, पण किल्ली ओळखणारा खुंट्यांचा गाभा वेगळा काढून दाराच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी आणून बसवला. दोहोंना जोडायला गाभ्यामागे एक शेपूट. दार जाड असो वा पातळ, शेपूट कमीजास्त कापले की झाले. किल्लीला आता फक्त गाभ्यात शिरायचे होते. ती बोटाच्या दोन पेरांएवढी झाली आणि सदऱ्याच्या खिशात जाऊन बसली. फट इतकी अरुंद की तीतून हत्यार घालणेही कठीण, आणि बंदुकीची दारू भरायला तर जागाच नाही.

घराघरातली माणसे संध्याकाळी वेगवेगळ्या वेळी परतू लागली आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतःची किल्ली आली, याचे मूळ या एका बदलात आहे. आमच्या लहानपणी रात्री उशिरा येणाऱ्यासाठी कोणीतरी जागे राहून आगळ काढावी लागे, आणि मैफलीहून पहाटे येणाऱ्या नानांसाठी ते काम आईकडे असे. तिला एक लॅच मिळाले असते तर तिची कितीतरी झोप वाचली असती.

येल तोवर मॅसॅच्युसेट्समधील शेलबर्न फॉल्स या गावी राहावयास गेला होता. रचना उत्तम होती, पण ती हजारोंनी निर्माण करायची म्हणजे दर कुलूप निराळे आणि तरीही सारखेच काटेकोर हवे. शोधक म्हणून तो पहिल्या प्रतीचा होता, कारखानदार म्हणून नव्हे. १८६८ च्या ऑक्टोबरात हेन्री टाऊन नावाचा चोवीस वर्षांचा इंजिनिअर त्याचा भागीदार झाला. भांडवल टाऊनच्या वडिलांनी दिले, आणि कनेक्टिकटमधील स्टॅमफर्ड येथे नवा कारखाना बांधावयास घेतला. त्याच डिसेंबरात येल न्यूयॉर्कला गेला होता, एका मोठ्या इमारतीच्या कुलपांची बोलणी करावयास. तेथेच २५ डिसेंबर १८६८ रोजी, नाताळच्या दिवशी, हृदय बंद पडून तो वारला. वय अवघे सत्तेचाळीस. स्टॅमफर्डच्या कारखान्यातून निघालेले एकही कुलूप त्याच्या दृष्टीस पडले नाही.

भागीदारी तीन महिन्यांचीही नव्हती. टाऊनने कारखान्याला येलचेच नाव ठेवले. स्वतःचे नाव त्याने पुढे १८८३ साली जोडले, तेही येलच्या मागे. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो त्या कारखान्याचा प्रमुख होता. जगभर ज्या किल्ल्या गेल्या त्या त्याने केल्या, आणि नाव मात्र येलचे झाले. त्या नावात थोरला किती आणि धाकटा किती, हे किल्ली हातात घेणाऱ्याला कळायचे साधन नाही. खुंट्या बापाच्या, चपटी किल्ली आणि सुटा गाभा मुलाचा, असे मी तरी म्हणेन.

धाकट्याची मुलगी मॅडलिन हिचा जन्म १८४७ चा. लहानपणी ती बापाच्या कारखान्यात हातोडी आणि कानस घेऊन खेळली, आणि धातूचे काम तेथेच शिकली. पुढे ती चित्रकार झाली, कथालेखिका झाली, आणि मॅसॅच्युसेट्समधील डीअरफील्ड गावी हस्तकलांचे मोठे काम तिने उभे केले. १९१८ साली ती वारली. चांदी-तांब्याचे दागिने ती स्वतः ठोकून घडवी आणि लाकडी पेट्याही करी. नवरीला सासरी देण्याची एक मोठी पेटी तिने केली होती, तिच्यावर रंगकाम आणि धातूचे काम दोन्ही तिच्याच हातचे आहे.